वाघ उसात, समिती कागदावर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'सहभाग' हा विषय ठरवला. जंगलाच्या बाबतीत हा शब्द तपासायचा, तर लेखक सहसा गडचिरोलीची किंवा मेळघाटाची वाट धरतात, आणि त्यात वावगं काही नाही. तिथं जंगल दिसतं, जंगलावर जगणारी माणसं दिसतात, आणि खातं विरुद्ध गाव ही ओढाताणही लख्ख दिसते. या लेखासाठी मात्र जुन्नर तालुक्यातलं राजुरी हे गाव घेतलं आहे, कारण इथं यातलं काहीच लख्ख नाही. कल्याण-नगर महामार्गावर आळेफाटा सोडून पूर्वेला निघालं की आधी आळे लागतं, ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी असलेलं. पुढं राजुरी, आणि त्यापुढं बैलबाजाराचं बेल्हे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, कांदा, गोठे, मुरघासाचे ढीग, कोंबड्यांच्या लांबलचक शेड. जंगल म्हणावं असं डोळ्याला काही पडत नाही. तरी अंधार पडला की इथला माणूस एकटा शेतावर जात नाही, आणि जुनी माणसं त्याचं कारण एका शब्दात सांगतात: वाघ. त्यांच्या बोलीत बिबट्याही वाघच.

जंगल नसलेल्या गावात जंगलाचं जनावर राहतं, आणि त्याच गावच्या शिवारात 'फॉरेस्ट' नावाची सरकारी जमीनही आहे, जिच्यावर ते जनावर फारसं राहत नाही. लोकसहभागाची आजवरची सगळी व्यवस्था त्या दुसऱ्या जमिनीसाठी बनली आहे. माझं म्हणणं एवढंच की चूक इथंच आहे. राजुरीसारख्या गावात वन्यजीवनाचं प्रत्यक्ष व्यवस्थापन गावच करतं, नकळत, पगाराशिवाय आणि अधिकाराशिवाय. ज्याला आपण सहभाग म्हणतो, तो त्या कामाला मान्यता देण्याऐवजी खात्याच्या कामाला गावची सही मिळवण्यापुरता उरला आहे.

फॉरेस्टची हद्द

पूर्व जुन्नर हा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस आळेफाट्यापर्यंत येता येता विरळ होतो आणि आण्याच्या पठारावर तर पाण्याचे वांधेच. अशा मुलखातलं मूळचं वन म्हणजे काटेरी झुडपं आणि गवत: बाभूळ, बोर, अधूनमधून सालई-धावडा, पावसाळ्यानंतर पवना आणि मारवेल, आणि जिथं चराई अती झाली तिथं कुसळी. खात्याच्या नोंदीत ही जमीन 'वन' असते, पण वन म्हणजे झाडं ही समजूत इतकी घट्ट, की गवताळ माळावर सलग समतल चर खणून तिथं ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावणं हाच बरीच वर्षं विकास समजला गेला. मेंढपाळ धनगराच्या दृष्टीनं ही सुधारणा म्हणजे चाऱ्याची जमीन गेली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हीच तक्रार मांडली होती: गावाची चराईची राने जंगलखात्यानं आपल्याकडे घेतली आणि शेतकऱ्याच्या जनावराला पाय टेकायला जागा ठेवली नाही. तेव्हापासून जंगलखातं आणि शेतकरी यांच्यात जो परकेपणा आला, तो कुठल्याही योजनेच्या फलकानं पुसला गेलेला नाही.

मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या पाण्यानं जुन्नर-आंबेगावचा नकाशा बदलला. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, दूध वाढलं, द्राक्षं-डाळिंबं आली. ऊस बारा-चौदा महिने शेतात उभा असतो, दाट असतो, आत गारवा असतो, पाटाचं पाणी असतं, आणि माणूस तोडणीपर्यंत आत शिरत नाही. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला यापेक्षा सुरक्षित जागा सह्याद्रीच्या कड्यातही मिळणार नाही. डोंगरावरचं सरकारी वन उघडं पडत गेलं आणि खालच्या खाजगी शेतात एक नवं वन वाढत गेलं. त्या वनाला ना हद्द आहे, ना बीट, ना गार्ड. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'ऊस' अशीच होते.

सचिव कोण?

सरकारी लोकसहभागाची सुरुवात केंद्राच्या १ जून १९९० च्या परिपत्रकानं झाली. महाराष्ट्रानं १६ मार्च १९९२ च्या निर्णयानं संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारलं. कल्पना चांगली होती. पश्चिम बंगालमधल्या अराबारीत १९७०च्या दशकात वनाधिकारी अजित बॅनर्जी यांनी उजाड सालवनाच्या राखणीच्या बदल्यात गावांना उत्पन्नाचा वाटा देऊ केला आणि जंगल परत उभं राहिलं, हा तिचा पाया. पण प्रवासात कल्पनेचा मधला भाग गळाला. समिती गावाची, अध्यक्ष गावाचा, आणि सचिव खात्याचा कर्मचारी. ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात समिती, हे कुठल्याही सहकारी सोसायटीत वाढलेल्या जुन्नरकराला समजावून सांगावं लागत नाही. कुठं चर खणायचे, कुठली रोपं लावायची हे आराखड्यात आधीच ठरलेलं. गावाकडे मागितलं जातं ते श्रम, चराईबंदीचं पालन आणि वणवा लागला की धावणं. जाळरेषा काढायला मजूर गावचे, वणव्याशी झाडाच्या फांद्या घेऊन झुंजणारी पोरं गावची. गवत पुढच्या वर्षी कुणी कापायचं, हा प्रश्न मात्र तालुक्याच्या कार्यालयात सुटतो.

यापेक्षा वाईट गत जैवविविधता कायद्याची झाली. २००२च्या या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिनं लोकांकडून लिहवून घेतलेली लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पंधरा वर्षं हे काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरपाई भरावी लागेल असं बजावलं. त्यानंतर देशभर समित्या आणि नोंदवह्या ज्या वेगानं तयार झाल्या, त्या वेगात गावातल्या मेंढपाळाला विचारून गवताच्या जाती लिहिणं शक्यच नव्हतं. समिती आहे का, याचं उत्तर आज राज्यातली जवळजवळ कुठलीही ग्रामपंचायत 'आहे' असं देऊ शकते. समितीनं शेवटचा निर्णय कोणता घेतला, हे विचारून पाहावं.

वर घाटाकडे

याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गोष्ट वेगळी आहे, म्हणून तिथं थोडं थांबायला हवं. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा महादेव कोळी आदिवासींचा, पावसाचा, भातखाचरांचा आणि हिरड्याचा. बी धरण्याआधीच उतरवलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. उन्हाळ्यात घरातले सगळे तो गोळा करतात, अंगणात वाळवतात, आणि वर्षाची रोकड बहुतांशी त्यातूनच येते. म्हणून हिरड्याच्या झाडावर कुऱ्हाड चालत नाही. त्यासाठी वनरक्षक लागत नाही, फलक लागत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं इथली हिरड्याची झाडं आडवी केली, तेव्हा लोकांनी भरपाईसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शासनाच्या पंचनाम्यात आंबा-काजू बसतो, पिढ्यान्‌पिढ्या राखलेला हिरडा बसवायला मात्र भांडावं लागलं. जंगलाची मालकी कुणाला वाटते, हे ओळखायची खूण म्हणजे झाड पडल्यावर कुणाचं नुकसान झालं असं मानलं जातं ते पाहणं.

याच भागात पडकईची रीत आहे. डोंगरउताराची जमीन एकेकट्या कुटुंबाला बांधता येत नाही. मग आळीपाळीनं सगळे एकाच्या जमिनीवर राबतात, दगडी बांध घालून खाचर काढतात, मग दुसऱ्याच्या. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेनं डिंभे धरणात जमीन गेलेल्या आदिवासींबरोबर ही रीत पुन्हा जोमानं उभी केली, जलाशयातली मासेमारी त्यांच्या हाती यावी म्हणून झगडा केला, आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक या कामाला मिळालं. पडकईत हजेरीपट नसतो, पण आज मी तुझ्याकडे राबलो तर उद्या तू माझ्याकडे, हा हिशेब पक्का असतो. सहभाग टिकतो तो अशा हिशेबावर.

कायद्यानंही वरच्या बाजूला दार उघडलं. २००६चा वनहक्क कायदा पारंपरिक वापरातल्या वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला देतो. समिती ग्रामसभेची, आणि २०१२च्या सुधारित नियमांनुसार गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवानाही तिचाच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला आणि २०११ साली गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. सह्याद्रीत हे लोण उशिरा आलं, पश्चिम पट्ट्यातल्या काही गावांपर्यंत ते पोचलं. राजुरीला मात्र हे दार जवळजवळ बंद आहे. राजुरी अनुसूचित क्षेत्रात नाही. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा, तर तीन पिढ्यांची म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवण्याबरोबरच उपजीविका वनावर अवलंबून असल्याचंही दाखवावं लागतं. वस्तीचा पुरावा गाव सहज देईल. पण ज्याचा ट्रॅक्टर दारात उभा आहे आणि ज्याची गाय मक्याच्या मुरघासावर दूध देते, तो वनावर अवलंबून आहे असं कोण म्हणेल? ज्याचं अवलंबन खरं आहे, तो मेंढपाळ. कायद्यानं फिरस्त्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट मान्य केला आहे. पण मेंढपाळ आठ महिने वाटेवर असतो आणि ग्रामसभेच्या दिवशी गावात नसतो.

चाराचे सतरा

गावाला न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत काय असते, याचं जुन्नर हे देशातलं बहुधा सर्वांत नीट मोजलेलं उदाहरण आहे. फेब्रुवारी २००१ पासून इथं उसात दिसणारे बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. हेतू वाईट नव्हता. लोकांचीच मागणी होती. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. हल्ल्यांतल्या मृत्यूचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात बावरलेलं, घराकडे परतू पाहणारं जनावर अधिक धोकादायक ठरलं. एका गावचा बिबट्या उचलून दुसऱ्या गावाच्या रानात सोडताना त्या दुसऱ्या गावाला विचारलं असतं, तर प्रयोग पहिल्याच महिन्यात थांबला असता. शास्त्रज्ञांना जे कळायला दहा वर्षं आणि एक शोधनिबंध लागला, त्याबद्दलचा संशय सोडलेल्या जागेच्या आसपासच्या कुठल्याही गुराख्यानं लगेच बोलून दाखवला असता. बाजूच्या तालुक्याचा वाघ आमच्याकडे का?

त्याच अभ्यासकांनी लगतच्या अकोले तालुक्यात, ऊस आणि वस्तीच्या भागात, दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे मोजले. त्या भागात वन नव्हतंच. मग त्यांनी विष्ठा तपासून खाद्य शोधलं. खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावाभोवतीच्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. हा आकडा जुन्नरच्या वाचकानं दोनदा वाचावा. बिबट्या कशावर जगतो, तर गावच्या मोकाट कुत्र्यांवर. कुत्री कशावर जगतात, तर उकिरड्यावर, मटणाच्या दुकानामागच्या टाकाऊ मालावर, पोल्ट्रीतून ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर. या साऱ्यावर सत्ता वनखात्याची नाही, ग्रामपंचायतीची आहे. बिबट्याच्या दडणाची जागा शेतकऱ्याच्या मालकीची, त्याचं अन्न पंचायतीच्या अखत्यारीत, आणि रात्री त्याच्या वाटेवर माणूस आणायचा की नाही हे वीज कंपनीच्या वेळापत्रकाच्या हाती. रात्री वीज आली की पाणी धरायला शेतकऱ्यानं रात्रीच उसाच्या सरीत उभं राहायचं, म्हणून दिवसा वीज ही या भागाची जुनी मागणी आहे. वनखात्याच्या हाती उरतो पिंजरा आणि पंचनामा.

गावावर सोपवलं तर

मग निर्णयही गावाकडेच द्यावेत, यावर पहिला आक्षेप ताजा आणि धगधगता आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन मुलं. संतापलेल्या लोकांनी खात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा लोकांच्या हाती वन्यजीवाचा निर्णय द्यायचा? बिबट्या १९७२च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. ही तरतूद तशीच राहावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जाळपोळ करणारा जमाव हा सहभागाचा अतिरेक नव्हता. ज्यांच्याकडे जीव धोक्यात घालण्याचं काम आहे आणि ठरवण्याचं काही नाही, त्यांच्या हातात शेवटी रस्ताच उरतो. पिंजरा कुठं लावायचा, पकडलेलं जनावर कुठं जाणार, कुठल्या वस्तीला आधी सौरदिवे आणि बंदिस्त गोठे द्यायचे, हे निर्णय एरवीच्या दिवसांत गावासमोर उघड होत असते, तर मृत्यूच्या दिवशीही बोलायला कुणीतरी विश्वासाचं माणूस उरलं असतं.

दुसरा आक्षेप जुना: अधिकार दिला की गाव जंगल खाऊन टाकेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली हजारभर हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं बांबूतून पैसा मिळवला, आणि तेंदूपत्त्याची तोड स्वतःहून बंद केली, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि रानाला आगी लावल्या जातात. हातचं उत्पन्न सोडलं, वर वनाचा एक भाग नवी देवराई म्हणून राखला. याला कुणी अपवाद म्हणेल. मग राजुरीला जवळचं उदाहरण घ्या. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात, याच पर्जन्यछायेत, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानं स्वतःवर घातली. गवत विळ्यानं कापून न्यायचं, जनावर आत सोडायचं नाही. बंदी टिकली, कारण कापलेलं गवत गावाच्याच गोठ्यात जात होतं. तिथं सरपंच पोपटराव पवार होते, सगळीकडे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्तच आहे. नेपाळनं तो कायद्यानं सोडवला. १९९३च्या वन कायद्यानं वापरकर्त्यांच्या गटांना वन आणि उत्पन्न दोन्ही सुपूर्द केलं, आणि आज असे २२ हजारांहून अधिक गट आहेत. इतके पुढारी कुठल्याच देशात जन्मत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. राजुरीतलं 'गाव' म्हणजे कोण? ऊसवाल्या बागाईतदारांची समिती झाली तर ती माळ मेंढपाळाला बंद करेल, आणि उसाच्या कडेनं मोकळी पट्टी सोडायची वेळ आली की एकही सरी कमी करणार नाही. बिबट्याच्या सर्वांत जवळ झोपणारी माणसं या गावची मतदारच नाहीत. ती बीड-नगरकडून आलेली ऊसतोड टोळी, फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत राहणारी, पहाटे अंधारात पोरं मागं ठेवून फडात शिरणारी. आणि उघड्यावर मेंढ्यांचा वाडा लावणारा धनगर. ग्रामसभेला अधिकार देऊन हा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे मान्य करायला हवं. पण आजच्या व्यवस्थेत तर त्यांचं नाव मृत्यूनंतरच्या पंचनाम्यातच येतं. समितीत टोळीचा मुकादम आणि मेंढपाळांचा माणूस बसलाच पाहिजे अशी अट शासन निर्णयात घालता येते. कारखाना तोडणीचा कार्यक्रम गावागणिक ठरवतोच, त्यात कोप्यांची जागा, दिवे आणि पोरांच्या राखणीची सोय घालता येते.

फडाच्या कडेला

हे सगळं हवेतलं वाटत असेल, तर तोडणीच्या हंगामात जुन्नरच्या शिवारात नियमितपणे घडणारी एक गोष्ट पाहावी. कोयते चालता चालता सरीत बिबट्याची पिलं सापडतात. टोळी थांबते, मालकाला फोन जातो, मालकाकडून खात्याला. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून, जिथं २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था खात्याबरोबर काम करते, डॉक्टर येतो, पिलं तपासतो. संध्याकाळी ती जिथं सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि सगळे लांब होतात. रात्रीत मादी येते, एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. हे साधतं तेव्हा सूडानं भटकणारी मादी गावाच्या मानगुटीवर बसत नाही.

या कामात किती जणांचा वाटा लागतो, ते मोजावं. मालकानं एक दिवसाची तोड सोडलेली असते, उसाचं वजन उतरत असताना. टोळीनं दिवसाची मजुरी सोडलेली असते, जी तिला कुणी भरून देत नाही. शेजाऱ्यानं रात्री मोटार चालू करायला न जाण्याचं कबूल केलेलं असतं. गावच्या पोरांनी बघ्यांची गर्दी आणि मोबाइलचे दिवे अडवून धरलेले असतात. कुठल्याही समितीच्या इतिवृत्तात याची नोंद नसते, कुठल्याही शीर्षाखाली खर्च पडत नाही.

वसुबारसेला, म्हणजे दिवाळीच्या पहिल्याच दिवशी, घाटाकडचे महादेव कोळी वाघबारस करतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, खीर शिजवतात, आणि वाघानं गुरांना हात लावू नये म्हणून त्याला नैवेद्य दाखवतात. राजुरीकडे त्याच सुमारास कारखान्याच्या धुराड्याची तयारी सुरू असते, टोळ्यांच्या गाड्या येऊ लागतात, आणि फडाच्या कडेला नव्या कोप्या उभ्या राहतात. यंदा त्या कुठं बांधायच्या, हे टोळी आल्यावर, उतरत्या संध्याकाळी, मालक हातानं दाखवतो.